टेन्शिओमीटरच्या नोडचं एडीसी रीडिंग नाचतंय, बॅटरीही आठवड्यात बसतेय

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात मामांची डाळिंबाची बाग आहे. ठिबकचं पाणी कधी सोडायचं हे कळावं म्हणून तिथल्या टेन्शिओमीटरवर (मातीने पाणी किती घट्ट धरलंय ते मोजणारी नळी) मी एक नोड, म्हणजे रीडिंग घेऊन पाठवणारी डबी, बसवलाय. मामा माती मुठीत दाबून अंदाज घेतात आणि तो बरोबर निघतो, पण ते पंढरपूरला चार दिवस गेले की मागे कुणालाच जमत नाही. म्हणून हे सगळं.

नोडची रचना अशी आहे. एक १८६५० सेल, २६०० मिलिअँपिअर-तासाचा. त्यावर एमटी३६०८ चं तयार बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं) मॉड्यूल लावून ५ व्होल्ट केलेत आणि ते एमपीएक्स५१००डीपी या प्रेशर सेन्सरला दिलेत. सेन्सरचं आउटपुट ४.७ व्होल्टपर्यंत जातं. बोर्ड मात्र ३.३ व्होल्टचा प्रो मिनी, ८ मेगाहर्ट्झ, त्यावर एटीमेगा३२८पी कंट्रोलर. म्हणून १०० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांच्या डिव्हायडरने आउटपुट निम्मं करून एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणारा कंट्रोलरमधला भाग) पिनला दिलंय. दर अर्ध्या तासाला रीडिंग घेतो आणि लोराने (लांब पल्ल्याचा रेडिओ) वस्तीवर पाठवतो.

अडचणी दोन. रीडिंग एका जागी थांबत नाही, दहा-बारा काउंटांनी (काउंट म्हणजे एडीसीची सगळ्यात लहान पायरी) वरखाली होतं, आणि बोअरची मोटर सुरू झाली की त्याहून जास्त. कोडमध्ये दहा रीडिंगांची सरासरी घेतो, फरक पडत नाही. दुसरं म्हणजे सेल आठवड्याच्या आत संपतो.

एक मित्र म्हणतो डिव्हायडर १० किलोओहमचा कर, कारण डेटाशीटमध्ये एडीसीला १० किलोओहमपर्यंतचाच सोर्स (सिग्नल देणाऱ्या बाजूचा रेझिस्टन्स) द्या असं लिहिलंय. दुसरा म्हणतो १ मेगओहमचा कर म्हणजे बॅटरी वाचेल. दोघांचं एकदम कसं ऐकू? नॉइज कमी केला तर करंट वाढणार आणि करंट कमी केला तर नॉइज वाढणार, असंच असतं का हे?

बिट_आणि_बोल्ट

१० बिटांच्या एडीसीकडून काय अपेक्षा ठेवताय? एचएक्स७११ ही एडीसी चिप घ्या, २४ बिट आहे, स्वस्तही आहे. नाहीतर मध्ये एलएम३५८ या ऑप-अँपचा बफर टाका, सोर्सचा प्रश्न मिटला.

अक्कलकोटरोड_कार्डदुरुस्ती

जुळेसोलापूरकर, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग आणि डाईंगच्या कंट्रोल कार्डांची दुरुस्ती करते. नाचणारं रीडिंग हा माझ्याकडे रोजचा आजार आहे. तुम्ही रचना नीट लिहिलीत म्हणून सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी बॅटरी कुठे जातेय ते पाहू. या सेन्सरला ५ व्होल्टवर साधारण ७ मिलिअँपिअर लागतात. बूस्टची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ३.७ व्होल्टच्या सेलमधून ११ मिलिअँपिअर ओढले जातात, आणि तेही चोवीस तास. प्रो मिनी जागा असेल तर त्याचे आणि लाल एलईडीचे मिळून चार-पाच. झाले सोळा. २६०० भागिले १६ म्हणजे एकशेसाठ-बासष्ट तास, सात दिवससुद्धा नाहीत. तुमचा सेल हिशेबाबरहुकूम बसतोय, त्यात काही बिघाड नाही. आता डिव्हायडर बघा. आउटपुट पूर्ण ४.७ व्होल्टवर असतानासुद्धा २०० किलोओहममधून २३ मायक्रोअँपिअर जातात. एकूण खर्चाचा चारशेवा हिस्सा धरा. तिथे मेगओहम घालून सेल एक तासभर जास्त चालणार नाही.

उलट १ मेगओहमने नवं दुखणं येईल. दोन रेझिस्टर समांतर धरले की पिनला दिसणारा सोर्स ५०० किलोओहमचा होतो. या कंट्रोलरच्या पिनचं लीकेज (गळणारा करंट) डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर आहे. प्रत्यक्षात ते फार कमी असतं, पण तापमानाबरोबर झपाट्याने वाढतं, आणि सांगोल्याच्या उन्हाळ्यात बंद डबीच्या आत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. लीकेज गुणिले ५०० किलोओहम हा सगळा आकडा तुमच्या रीडिंगमध्ये जाऊन बसेल आणि दुपारी एक, पहाटे एक असं दिसेल.

१० किलोओहमचाही हट्ट सोडा. २० किलोओहमच्या साखळीतून ४.७ व्होल्टला २३५ मायक्रोअँपिअर जातील. या सेन्सरच्या आउटपुटची द्यायची मर्यादा ०.१ मिलिअँपिअर आहे. त्याच्या दुप्पट ओढलंत तर वरच्या टोकाला रीडिंग खाली दबेल आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही, कारण आकडे दिसायला स्थिर असतील.

म्हणजे १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर आहेत तसेच ठेवा. डेटाशीट १० किलोओहम का म्हणतं ते मात्र समजून घ्या. एडीसीच्या आत १४ पिकोफॅराडचा एक छोटा कपॅसिटर आहे. दर रीडिंगला तो तुमच्या सिग्नलपर्यंत भरावा लागतो, आणि भरायला वेळ मिळतो एडीसी क्लॉकच्या दीड ठोक्याचा. क्लॉक १२५ किलोहर्ट्झ असेल तर १२ मायक्रोसेकंद. आतल्या वाटेचा रेझिस्टन्स १ ते १०० किलोओहम असू शकतो. तो १०० धरला, त्यात तुमचे बाहेरचे ५० मिळवले, तर अर्ध्या काउंटापर्यंत पोचायला १६ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे वेळ पुरत नाही.

उपाय रेझिस्टर कमी करण्यात नाही, पिनच्या अगदी शेजारी कपॅसिटर देण्यात आहे. आतल्या कपॅसिटरला भरताना लागणारा चार्ज या बाहेरच्या कपॅसिटरने जागच्या जागी द्यायचा आणि स्वतः मात्र अर्ध्या काउंटापेक्षा जास्त खाली यायचं नाही. १० बिटांसाठी बाहेरचा आतल्याच्या २०४८ पट हवा. १४ पिकोफॅराड गुणिले २०४८ म्हणजे २९ नॅनोफॅराड. बाजारात मिळतो ३३ नॅनोफॅराड. पॉलिएस्टर फिल्मचा घ्या, तापमानाने फारसा हलत नाही.

इथे बहुतेक जण म्हणतात, ३३ नॅनो कशाला, १० मायक्रोफॅराड टाकू म्हणजे नॉइज पार मरेल. हे अजिबात करू नका. तुमच्या दोन्ही अडचणी याच ठिकाणी एकमेकींना भेटतात. ५० किलोओहम आणि ३३ नॅनोफॅराडचा टाइम कॉन्स्टंट १.६५ मिलिसेकंद. अर्ध्या काउंटापर्यंत स्थिरावायला त्याच्या साडेसात-पावणेआठ पट वेळ लागतो, म्हणजे साडेबारा मिलिसेकंद. या सेन्सरला चालू केल्यावर तयार व्हायलाच २० मिलिसेकंद लागतात, त्यात हे साडेबारा झाकून जातात, वेगळे मोजावे लागत नाहीत. १० मायक्रोफॅराड टाकलात तर टाइम कॉन्स्टंट अर्धा सेकंद आणि स्थिरावायला पावणेचार सेकंद. तेवढा वेळ बूस्ट आणि सेन्सर ११ मिलिअँपिअर खात बसणार. इनपुटवरचा कपॅसिटर स्वतः करंट खात नाही, पण बाकी सगळ्यांना किती वेळ जागं ठेवायचं ते तोच ठरवतो.

रेझिस्टर मोठा म्हणजे नॉइज मोठा, ही भीतीही इथे नको. १०० किलोओहमचा थर्मल नॉइज दर रूट हर्ट्झला ४० नॅनोव्होल्ट असतो, हे खरं. पण पुढे कपॅसिटर आला की एकूण नॉइज रेझिस्टरवर अवलंबून राहतच नाही. रेझिस्टर वाढला की बँडविड्थ त्याच प्रमाणात घटते, आणि उरतो फक्त केटी भागिले सी चं वर्गमूळ (के बोल्ट्झमनचा स्थिरांक, टी तापमान, सी कपॅसिटर). ३३ नॅनोफॅराडला तो ०.३५ मायक्रोव्होल्ट. एडीसीच्या आतल्या १४ पिकोफॅराडचा १७ मायक्रोव्होल्ट. आणि तुमचा एक काउंट आहे ३.२ मिलिव्होल्टचा! निसर्गाचा नॉइज तुमच्या एका काउंटाच्या शंभराव्या हिश्शातही येत नाही. दहा-बारा काउंट म्हणजे ३२ ते ३९ मिलिव्होल्ट बाहेरून येतायत. म्हणून बिट_आणि_बोल्ट यांच्या २४ बिटांनी तोच गोंधळ आणखी बारीक मोजला जाईल, एवढंच.

माझा संशय बूस्टवर आहे. असली मॉड्यूल्स हलक्या लोडवर सलग चालत नाहीत, थांबून थांबून झटके देतात, आणि आउटपुटवर दहापट जास्त लोडला दिसली नसती अशी रिपल (व्होल्टेजची थरथर) दिसते. तुमच्या सेन्सरचं आउटपुट सप्लायच्या प्रमाणात असतं, म्हणजे सप्लाय हलला की आउटपुट हललंच. तपासायची सोपी रीत आहे. बूस्ट काढा आणि चार रिचार्जेबल पेन्सिल सेल ओळीने लावून सेन्सरला द्या. ताजे चार्ज केलेले असतील तर ५ व्होल्टच्या आसपास मिळतात. कोडला हात लावू नका. टेन्शिओमीटर तोच, जागा तीच. रीडिंग शांत झालं तर चोर सापडला. नाही झालं तर सेन्सरही काढा, डिव्हायडरच्या तोंडाशी एक साधा दीड व्होल्टचा सेल लावा आणि बघा. तरीही नाचलं तर गडबड तुमच्या बोर्डावरच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. आमच्या शेजारी माग चालू असतात तेव्हा मीसुद्धा बारीक सिग्नलचं कार्ड असंच एकेक तुकडा सेलवर टाकून तपासते, त्याशिवाय मागाचा नॉइज कुठला आणि कार्डाचा कुठला हे कळायला दुसरा मार्ग नाही.

हे करून आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

मृगबहार

इलेक्ट्रॉनिक्समधलं मला फार कळत नाही, बागेतलं सांगतो. टेन्शिओमीटर साधारण ८० ते ८५ किलोपास्कलपर्यंतच काम करतो. त्यापुढे आतल्या पाण्यात हवा शिरते आणि काटा परत शून्याकडे येतो. बहार धरायला ताण देता, म्हणजे पाणी तोडता, तेव्हा नेमकं हेच होणार. जमीन कोरडी ठाक असेल आणि तुमचा नोड वस्तीवर सांगेल की माती ओली आहे. ताणाच्या काळात या आकड्यावर पाणी देऊ नका. ताण तुटून पहिलं पाणी दिलं की नळी पुन्हा पाण्याने भरून घ्या आणि मगच विश्वास ठेवा.

दुसरं, सेन्सर खालच्या मातीच्या कपापासून किती उंच आहे? दर १० सेंटिमीटरला जवळजवळ १ किलोपास्कल पाण्याच्या वजनाचा असतो, तो वजा करावा लागतो. तुमच्या भागातली जमीन मुरमाड असेल तर कपाभोवती बारीक चाळलेल्या मातीचा चिखल ओतून बसवा, नाहीतर मातीला तो नीट चिकटत नाही आणि रीडिंग उशिरा हलतं. आणि रीडिंग पहाटेचं धरा. ऊन चढलं की नळीच तापते. शंका असेल तर सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, मामांना घेऊन एकदा जाऊन या.

जुळेसोलापूरकर

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. चार पेन्सिल सेलांवर उडी बारावरून तीन काउंटांवर आली. दीड व्होल्टचा सेल लावला तर एक काउंट, कधी तोही नाही. म्हणजे बूस्टच. मोटर सुरू होताना मात्र सेलांवरही पाच-सहा काउंट उडतात.

पण शेतात पेन्सिल सेल किती दिवस पुरणार? बूस्टशिवाय ५ व्होल्ट आणू कुठून? बूस्टला एनेबल पिन आहे, ती बंद करून बघितली, तरी करंट पुरता बंद होत नाही.

मृगबहार दादा, सेन्सर कपापासून ३० सेंटिमीटर वर आहे. म्हणजे ३ किलोपास्कल मी धरलेच नव्हते. बरं झालं सांगितलंत. खालचा तुकडा काळ्या जमिनीचा आहे, वरचा मुरमाड. नोड सध्या वरच्या तुकड्यात आहे.

अक्कलकोटरोड_कार्डदुरुस्ती

छान, आता अंधारात चाचपडणं संपलं.

बूस्ट टाकून द्यायची गरज नाही. त्याची रिपल तीन ठिकाणी अडवायची. पहिलं, सेन्सरच्या सप्लाय पायांशी अगदी जवळ १ मायक्रोफॅराड आणि ०.०१ मायक्रोफॅराड, आणि आउटपुटवर ४७० पिकोफॅराड. हे सेन्सर बनवणाऱ्यांनीच सुचवलेलं आहे आणि तयार मॉड्यूल वापरणारे नेमकं तेच गाळतात. दुसरं, पिनजवळचा ३३ नॅनोफॅराड. त्याचा कट-ऑफ (ज्याच्या वरची हालचाल दबते तो आकडा) ९६ हर्ट्झच्या आसपास पडतो, त्यामुळे काही किलोहर्ट्झची रिपल तिथे कित्येक पटींनी दबते.

तिसरं सगळ्यात मोलाचं. आत्ता तुम्ही ५ व्होल्टवरचा सेन्सर ३.३ व्होल्टच्या फूटपट्टीने मोजताय. ५ व्होल्ट बूस्टवर हलतात, ३.३ व्होल्ट सेल उतरला की हलतात, आणि दोघांची हालचाल वेगवेगळी. सेन्सरचं सूत्र बघा. आउटपुट भागिले सप्लाय बरोबर ०.००९ गुणिले दाब अधिक ०.०४. यात व्होल्ट कुठेच नाहीत, नुसतं गुणोत्तर आहे. तेव्हा ५ व्होल्टच्या लाइनवर अगदी तसाच दुसरा डिव्हायडर आणि ३३ नॅनोफॅराड लावून तो दुसऱ्या चॅनलला द्या. दोन्ही रीडिंग घ्या आणि भागाकार करा. ५ व्होल्टचे ४.९ झाले काय किंवा ३.३ चे ३.२ झाले काय, उत्तर तेच येईल. चारही रेझिस्टर १ टक्का मेटल फिल्मचे, एकाच पट्टीतले घ्या. कुणी सांगेल की डिव्हायडर थेट एआरईएफ पिनला (एडीसीची फूटपट्टी ठरवणारी पिन) द्या, तर नको. त्या पिनला आतून ३२ किलोओहमच्या आसपासचा लोड आहे, ५० किलोओहमचा सोर्स त्यापुढे टिकणार नाही.

सरासरी घ्या, पण घेण्याची वेळ मोजून घ्या. दहा रीडिंगांची सरासरी एका मिलिसेकंदात संपते. मोटरच्या केबलमधून येणारा ५० हर्ट्झ त्या मिलिसेकंदात जिथे असेल तिथेच असतो, सरासरीने जात नाही. ५० हर्ट्झची एक पूर्ण लाट २० मिलिसेकंदांची. सरासरी बरोबर एका लाटेभर पसरली की वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांना खातात. तुमच्या बोर्डावर एडीसी क्लॉक १२५ किलोहर्ट्झ, फ्री रनिंगला (सलग मोजत असताना) एका रीडिंगला १३ ठोके, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद. १९२ रीडिंग घेतली की १९.९७ मिलिसेकंद होतात. एवढं जवळ पुष्कळ झालं.

एक पथ्य पाळा. सेन्सरचा चॅनल आणि ५ व्होल्टचा चॅनल आलटून पालटून वाचू नका. दर वेळी चॅनल बदलला की आतला १४ पिकोफॅराड आधीच्या चॅनलचं व्होल्टेज घेऊन येतो आणि फरकाचा चार्ज तुमच्या कपॅसिटरमधून ओढतो. दोन्हींत एक व्होल्टचा फरक असेल आणि सेकंदाला पाच हजार अदलाबदली झाल्या, तर सरासरी ७० नॅनोअँपिअर होतात. ५० किलोओहमवर साडेतीन मिलिव्होल्ट, म्हणजे एका काउंटाहून जास्त, आणि तो कायमचा एकाच दिशेला. आधी एका चॅनलची सगळी १९२, मग दुसऱ्याची. चॅनल बदलल्यावरचं पहिलं रीडिंग टाकून द्या.

आता वीज. एनेबल बंद करूनही करंट का जातो, तर या प्रकारच्या बूस्टमध्ये सेलपासून आउटपुटपर्यंत कॉइल आणि डायोडमधून सरळ वाट उघडीच असते. चिप झोपते, पण सेन्सरला सेलचंच व्होल्टेज थोडं कमी होऊन मिळत राहतं आणि तो खात राहतो. त्यामुळे बूस्टच्या आधी, सेलच्या बाजूला स्विच म्हणून पी चॅनल मॉसफेट घाला, एओ३४०१ चालेल. पण त्याचं गेट थेट प्रो मिनीच्या पिनला जोडू नका. सेल ४.२ व्होल्टवर असताना पिन हाय म्हणजे ३.३ व्होल्ट. गेट आणि सोर्समध्ये ०.९ व्होल्टचा फरक उरतो, आणि या मॉसफेटला अर्धवट उघडायला तेवढा पुरतो. बंद केलं असं वाटेल आणि रात्रभर गळत राहील. मध्ये एक २एन७००२ हा छोटा एन चॅनल मॉसफेट घाला. गेट १०० किलोओहमने सेलला वर ओढून ठेवा आणि २एन७००२ ने खाली ओढा. २एन७००२ च्या गेटवर सर्किटच्या ग्राउंडकडे १०० किलोओहम लावा, म्हणजे कंट्रोलर रीसेट होत असतानाही सगळं बंदच राहील.

हिशेब करू. बूस्ट वर यायला थोडा वेळ, सेन्सर तयार व्हायला २० मिलिसेकंद, दोन चॅनलांचे ४० मिलिसेकंद. सगळं मिळून ८० धरा. अर्ध्या तासातून एकदा ११ मिलिअँपिअर ८० मिलिसेकंद, म्हणजे सरासरी अर्धा मायक्रोअँपिअर. ११ हजारांवरून अर्ध्यावर! सेन्सर बदलला नाही, रेझिस्टर बदलले नाहीत, नॉइज कमी झाला तो वेगळाच. तुमच्या पहिल्या प्रश्नाला हेच माझं उत्तर आहे. नॉइज आणि करंट यांची ओढाताण असते, पण चिपच्या आत, मायक्रोव्होल्टांच्या पातळीवर. एमसीपी६०४१ सारखा ऑप-अँप ०.६ मायक्रोअँपिअरवर चालतो आणि त्याची किंमत म्हणून दर रूट हर्ट्झला १७० नॅनोव्होल्ट नॉइज देतो. तिथे ती अडवणूक खरी आहे. तुमच्या नोडमध्ये आपण त्या पातळीच्या जवळपासही नाही. तुमचा करंट किती वेळ जागं ठेवता त्यात जातोय.

बिट_आणि_बोल्ट, एलएम३५८ इथे ५ व्होल्टवर चालवला तर त्याचं आउटपुट साडेतीन व्होल्टच्या आसपास अडकतं. सेन्सरचा वरचा पाव भाग कापला जाईल. एचएक्स७११ चांगली चिप आहे, पण ती मिलिव्होल्ट देणाऱ्या उघड्या ब्रिजसाठी. एमपीएक्स२१०० सारखा बिनअँप्लिफायरचा सेन्सर असता तर मी स्वतः तीच सुचवली असती, ५ व्होल्टची गरजच संपली असती. तरी वेळ तिथेही मोजावा लागतो. ५० हर्ट्झ गाळायचा तर ती सेकंदाला १० रीडिंगांवर चालवावी लागते आणि चालू केल्यावर स्थिरावायला ४०० मिलिसेकंद घेते. चिपचे दीड आणि ब्रिजचे दोन असे साडेतीन मिलिअँपिअर ४०० मिलिसेकंद म्हणजे १.४ मिलिअँपिअर-सेकंद. आपली ही जुनाट रचना ११ गुणिले ०.०८, म्हणजे ०.९ मध्ये काम उरकते.

बोर्डाचं उरलेलं थोडक्यात. एलईडी उपटा. बोर्डावरचा रेग्युलेटर कुठला आहे ते भिंगातून वाचा. एएमएस१११७ असेल तर तो एकटाच ५ मिलिअँपिअर बसून खातो, काढून एमसीपी१७०० लावा, त्याला १.६ मायक्रोअँपिअर पुरतात. झोपण्याआधी एडीसी बंद करा, ब्राउन-आउट (व्होल्टेज पडलं की रीसेट करणारी सोय) कोडमधून झोपेपुरतं बंद करा, आणि अॅनालॉग पिनांचे डिजिटल इनपुट बफर बंद ठेवा, मधल्या व्होल्टेजवर ते उगाच करंट पितात. वॉचडॉगवर (जागं करणारा आतला टायमर) झोपलेला हा कंट्रोलर चार-पाच मायक्रोअँपिअरवर राहतो. लोराला स्लीपमध्ये घालायला विसरू नका, आणि आधी मोजा, नंतर पाठवा. पाठवताना तो २० डीबीएमला १२० मिलिअँपिअर ओढतो, त्या वेळी एडीसीला काही विचारू नका.

मोटरचे पाच-सहा काउंट केबलमधून येतायत असं वाटतं. नोड कुठे आहे आणि टेन्शिओमीटर कुठे?

जुळेसोलापूरकर

नोड स्टार्टरच्या पेटीशेजारी आहे, सावली आणि उंची मिळावी म्हणून. तिथून टेन्शिओमीटरपर्यंत साधी तीन तारांची केबल, बारा-तेरा मीटर. काही अंतर मोटरच्या केबलच्या चरातूनच गेलीय, कारण चर आधीच खणलेला होता.

अक्कलकोटरोड_कार्डदुरुस्ती

तुमच्याकडे लोरा आहे ना? मग केबल कशासाठी? नोड टेन्शिओमीटरशेजारीच झाडाच्या सावलीत न्या, सेन्सरपासून पिनपर्यंत वीतभर तार ठेवा आणि फक्त अँटेना झाडाच्या शेंड्याच्या वर काढा. स्टार-डेल्टा स्टार्टरचा कॉन्टॅक्टर पडतो तेव्हा जो झटका उठतो तो २० मिलिसेकंदांच्या सरासरीने जाणारा नसतो, तो मुळात येऊच नये हे बरं. तरी एखादा आलाच तर म्हणून एका वेळी तीनदा मोजा आणि मधलं रीडिंग धरा. खर्च दीड मायक्रोअँपिअरवर जाईल, जाऊ द्या.

केबल ठेवायचीच असेल तर वेगळ्या चरातून, पीळ घातलेली, शील्ड फक्त नोडच्या टोकाला ग्राउंडला जोडलेली. पण माझं मत नोड हलवण्याच्याच बाजूने.

बागेत आणलात की दुसरा शत्रू येतो. तेल्या रोगासाठी तुम्ही बोर्डो फवारता. तो मोरचुदाचा तुषार डबीच्या फटीतून आत गेला आणि बोर्डावर वाळला, की दव पडल्यावर दोन ट्रॅकांमध्ये वाट तयार होते. तुमच्या ५० किलोओहमच्या बिंदूपासून ग्राउंडकडे १ मेगओहमची जरी गळती झाली तरी रीडिंग पावणेपाच टक्क्यांनी खाली जातं, आणि पहाटे, म्हणजे मृगबहार दादांनी सांगितलेल्या नेमक्या वेळी. सोल्डरिंग झाल्यावर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवा, नीट वाळवा, मग कॉन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्डाला ओलीपासून वाचवणारा थर) दोन हात द्या. सेन्सरच्या नळीचं तोंड आणि हवेचं भोक मात्र कोटिंगपासून वाचवा. ते हवेचं भोक खालच्या बाजूला तोंड करून ठेवा. सक्शनची नळी पी२ ला आणि हवा पी१ ला आहे ना, तेही बघून घ्या.

मृगबहार

ताई, एवढ्या बारीक काउंटाचा बागेला उपयोग किती? पाणी सोडायचा निर्णय पाच किलोपास्कलच्या फरकावर कुणी बदलत नाही.

अक्कलकोटरोड_कार्डदुरुस्ती

खरं आहे तुमचं. या सेन्सरची स्वतःची अचूकताच पूर्ण पल्ल्याच्या अडीच टक्के, म्हणजे अडीच किलोपास्कल इकडे तिकडे. त्यातला बराचसा भाग शून्याचा असतो, तो नळी मोकळी सोडून एकदा मोजून वजा करता येतो. एक किलोपास्कलला सात काउंट पडतात, म्हणजे बारा काउंटांची उडी पावणेदोन किलोपास्कलची होती. तेवढ्यावर पाणी चुकलं नसतं. पण निर्णय एका आकड्यावर होत नाही, आकडा कोणत्या वेगाने चढतोय यावर होतो. आज पहाटे २८, उद्या ३०, परवा ३३ असं स्वच्छ दिसलं तर मामा गावाहून फोनवरसुद्धा सांगू शकतात की परवा पाणी सोडा. पावणेदोनची उडी त्यात मिसळली की चढ दिसायलाच चार दिवस जास्त लागतात. स्थिर आकड्याचा उपयोग तो.

जुळेसोलापूरकर

मॉसफेट आणि २एन७००२ बसवले, झोपेतला करंट मायक्रोअँपिअरांत आला. पण बूस्ट चालू करताक्षणी कधीकधी बोर्ड रीसेट होतोय. सेल पूर्ण भरलेला असताना होत नाही, अर्धा उतरला की होतो.

अक्कलकोटरोड_कार्डदुरुस्ती

बूस्टचे रिकामे कपॅसिटर एकदम भरतायत, तेवढ्यात सेलचं व्होल्टेज खाली बसतं आणि ३.३ ची लाइनही. मॉसफेट हळू उघडा. २एन७००२ आणि गेटच्या मध्ये १० किलोओहम, गेट आणि सोर्समध्ये १०० नॅनोफॅराड, म्हणजे उघडायला मिलिसेकंदभर लागेल. प्रो मिनीच्या रेग्युलेटरच्या इनपुटवर १०० मायक्रोफॅराड द्या आणि सेलकडून तिथे येताना एक शॉटकी डायोड घाला, म्हणजे तो साठा बूस्टकडे परत पळणार नाही. डायोडमध्ये थोडे व्होल्ट जातील, तेव्हा कमी ड्रॉपचाच घ्या.

आणि कोडमध्ये ५ व्होल्टच्या चॅनलचं रीडिंग आधी तपासा. ते ४.७५ च्या खाली असेल तर आणखी १० मिलिसेकंद थांबून पुन्हा बघा. तरीही खालीच असेल तर त्या वेळी दाबाचा आकडा पाठवूच नका, फक्त बॅटरीचा पाठवा.